साडूंनी न भरलेला फॉर्म

परदेशातून आपल्या देशात कोण आलं, कोण गेलं आणि कोण मुदत संपूनही समुद्रात पाय सोडून बसलं आहे, याची पक्की खबर दिल्लीला असते असा लोकांचा समज आहे. माझा तसा नाही. ती खबर हरमलला, आमच्या थोरल्या साडूंच्या सोप्यावरच्या लाकडी पेटीत असते, आणि दिल्लीला काही अडलंच तर तिने खुशाल त्यांना विचारावं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. पेडण्याला सरकारी कचेरीत जन्मभर कारकुनी करून निवृत्त झाले आणि घराच्या मागच्या अंगाला तीन खोल्या बांधून परदेशी पाहुण्यांना देऊ लागले. हरमलला अशा खोल्या घरोघर आहेत. परदेशी माणूस उतरला की चोवीस तासांच्या आत त्याचा सी फॉर्म भरून पोलिसांत पोचवायचा, हा नियमही घरोघर ठाऊक आहे. फक्त आमच्याकडचे चोवीस तास जरा सैल असतात, कधीकधी पुढच्या शनिवारपर्यंत चालतात. साडूंचे चोवीस तास मात्र पाहुण्याचं पाऊल अंगणात पडलं की सुरू होत. एकदा भर दुपारी एक इंग्रज जोडपं घामाने न्हाऊन आलं आणि त्यांनी आधी पाणी मागितलं. साडू म्हणाले, "फर्स्ट फॉर्म, देन वॉटर." ती बिचारी पासपोर्ट शोधेपर्यंत आमच्या मेहुणीने, म्हणजे अक्कांनी, मागच्या दाराने तांब्या नेऊन दिला म्हणून बरं.

पासपोर्ट हातात आला की साडू तो चष्मा वर करून वाचत, मग चष्मा खाली करून वाचत, मग पाहुण्याला टोपी काढायला लावत. फोटोत दाढी असली आणि तोंडावर नसली तर "व्हाय?" असं विचारत. फॉर्म भरून झाला की इस्त्रीचा शर्ट घालून, भाड्याने मोटरसायकलवर पोचवणाऱ्या पायलटच्या मागे ताठ बसून ते स्वतः पेडण्याला जात आणि नकलेवर शिक्का घेतल्याशिवाय परतत नसत. शिवाय प्रत्येक पाहुण्याच्या व्हिसाचा शेवटचा दिवस सोप्यावरच्या कॅलेंडरवर तांबड्या शाईने लिहिलेला. त्या दिवसाच्या आठवडाभर आधीपासून ते पाहुण्याकडे आणि कॅलेंडरकडे आळीपाळीने बघायला लागत. एक फ्रेंच गृहस्थ दोन दिवस आधीच निघून गेला. पोदेराने आणलेल्या पावांतला दुसरा पाव उचलला की हा माणूस भिंतीकडे बघतो, मला घास उतरत नाही, असं त्याने जाताना मला सांगितलं. मी साडूंना ते सांगितलं तर म्हणाले, "बरा जाला. मुदतीत गेलो."

मी पडलो शाळामास्तर. माझ्या रेशनकार्डावर गेलेल्या आजोबांचं नाव अजून चालू आहे. त्यामुळे साडू माझ्याकडे करुणेने बघत, आणि मला ते मुळीच आवडत नसे. दोन साडूंमध्ये जेवढं प्रेम असायचं तेवढंच आमच्यात होतं, हे कबूल केलेलं बरं.

कायद्याच्या खालोखाल ते मानत कौलाला. आमच्याकडे अडलेला प्रश्न देवाला विचारायची रीत आहे. गुरव देवाच्या अंगावर ओल्या कळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. विहीर कुठे खणावी, कोरगावच्या काजूच्या बागेला कुंपण घालावं की नाही, पाडा विकावा की ठेवावा, असं सगळं साडू देवाला विचारून करत. मात्र कायदा जिथे स्पष्ट आहे तिथे देवाला त्रास द्यायचा नाही, हा त्यांचा दंडक. "तेका आपली कामां काय थोडी आसत?" असं म्हणत.

आणि मग तो हंगाम आला. नाताळाच्या सुमारास परदेशी लोकांविषयीचे नियम बदलले आणि हरमलची झोप उडाली. पर्यटक म्हणून आलेला माणूस एकदा देशाबाहेर गेला की दोन महिने परत यायचं नाही. पर्यटकाच्या व्हिसावर काम करायचं नाही. काम करणाऱ्याचा व्हिसा वेगळा, शिकणाऱ्याचा वेगळा. वर्षानुवर्षं चार दिवस काठमांडूला जाऊन शिक्का मारून येणारे लोक तिकडेच अडकले. त्यांचे कपडे इथे दोरीवर वाळत राहिले. किनाऱ्यावरचे शॅकवाले, खोलीवाले, स्कूटर भाड्याने देणारे, सगळे संध्याकाळी साडूंच्या सोप्यावर जमू लागले. साडू वर्तमानपत्रातलं कात्रण हातात धरून अर्थ सांगत आणि लोक कीर्तनाला बसल्यासारखे ऐकत. कोरगावला एक रशियन मुलगा देवळातल्या वादकाकडे पखवाज शिकायचा. तो पर्यटक की विद्यार्थी, यावर दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी साडू स्वतः कोरगावला गेले आणि पखवाज्याला म्हणाले, तुम्ही शाळा असाल तर दाखला द्या, नसाल तर शिकवणं बंद करा. पखवाजी सत्तरीचा. तो म्हणाला, "माझो बापूस माका शिकयत होतो तेव्हा तो शाळा होतो काय ता माका खबर ना." पुढे त्या मुलाने लांबून नुसतं ऐकायचं, पखवाजाला हात लावायचा नाही, असं ठरलं. ऐकणं हे पर्यटनात बसतं, असा साडूंचा निर्वाळा होता.

हसत होतो आम्ही, पण त्या दिवसांत गावात खरी भीती होती. पोलीस घरोघर फिरून विमानतळावरून आलेली यादी आणि खोलीवाल्यांचे फॉर्म ताडून बघत होते. फॉर्म नसला तर माणूस लपवला असा अर्थ, आणि लपलेल्या माणसाला देश सोडायची नोटीस. शिवाय त्याचं नाव अशा यादीत जायचं की पुन्हा व्हिसा मिळायचा नाही. दुसऱ्या वाड्यावरची दोघं अशीच गेली. साडूंच्या घरी मात्र सगळे निर्धास्त. "भियेवची गरज ना. कागद आसा मरे?" हे त्यांचं वाक्य तेव्हा गावभर झालं होतं.

एका रविवारी मी आणि बायको त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. पोलीस आला, साडूंनी त्याला खुर्ची दिली, पेटी उघडली. पहिलं नाव वाचलं, साडूंनी शिक्क्याची नक्कल काढून दाखवली. दुसरं नाव, दुसरी नक्कल. मग पोलिसाने दरवर्षी त्यांच्याकडे उतरणाऱ्या इंगाबायचं नाव वाचलं. पत्ता साडूंच्याच घरचा. साडूंनी पेटीत हात घातला नाही. "आसा?" पोलिसाने विचारलं. "ना," साडू म्हणाले. पोलिसाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही, म्हणून त्याने परत विचारलं आणि साडूंनी परत तेच सांगितलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला आतून थोडं बरं वाटलं. पण आतल्या दारात इंगाबाय उभी होती, तिचा चेहरा बघितला आणि माझं मलाच लाजल्यासारखं झालं.

इंगाबाय डेन्मार्कची. सत्तरीला टेकलेली, नवरा वारलेला, मूल नाही. बारा वर्षं दिवाळीच्या आधी यायची आणि उन्हाळा लागला की जायची. अकरा वर्षं साडूंनी तिचा फॉर्म पहिल्या तासात भरला. अकराव्या वर्षी अक्का विहिरीवर घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. मुलगा दुबईला, सून त्याच्याबरोबर. दोन महिने इंगाबायने अक्कांचं न्हाऊमाखू, उठवणं-बसवणं सगळं केलं; पेज कालवून भरवली. जाताना ती स्वतःच रडली. मग बाराव्या वर्षी ती आली ती वसुबारसेला. साडूंनी सवयीप्रमाणे फॉर्म काढला, नाव लिहिलं, देश लिहिला, आणि "परत कधी जाणार" या रकान्याशी त्यांचं पेन थांबलं. आमच्याकडे माहेरी आलेल्या बहिणीला, तू परत कधी जातेस, असं कोणी विचारत नाही. विचारलं तर ती पुन्हा येत नाही असं मानतात. साडूंनी फॉर्म तसाच घडी केला. सकाळी उठून देवळात गेले आणि कौल लावला. मग भाऊबीजेला अक्कांनी इंगाबायच्या हातात निरांजन दिलं आणि तिने साडूंना ओवाळलं. आम्ही तिथे होतो. साडूंनी तिला ओवाळणीत साडी घातली ते आठवतं, पण त्या फॉर्माचं काय झालं हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. साडूंनी फॉर्म भरला नाही, ही गोष्ट कल्पनेतसुद्धा बसणारी नव्हती.

पोलीस सांगून गेला, मंगळवारी पणजीच्या नोंदणीच्या ऑफिसात बाईंना घेऊन हजर व्हा. मधला दिवस सोमवारचा. मी शाळेत रजा टाकली. इंगाबाय बारा वर्षांत जेवढं कोंकणी शिकली होती तेवढ्यात एकच वाक्य म्हणत होती, "माका भंय दिसता." तिला तिकडच्या तिच्या फ्लॅटची भीती वाटत होती. तिथे शेजारी कोण राहतं हे तिला माहीत नव्हतं. अक्का चुलीपुढे बसून होत्या. दुपारी मी साडूंना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "भाऊ, फॉर्म आता भरा, ऑक्टोबरची तारीख घाला. पोचवला होता, नक्कल हरवली म्हणा. तुमच्यावर कोण अविश्वास दाखवणार?" मुलांना खरं बोला म्हणून सांगणारा मास्तर मी. साडूंनी माझ्याकडे बघितलं, पण त्यात नेहमीची करुणा नव्हती. म्हणाले, "मास्तरानू, माका येता ता. तीस वर्सां लोकांच्या मागल्या तारखो धरीत इलंय, कशी घालतत ता माका पाठ आसा. म्हणानच घालूक जायना." आतून अक्का कडाडल्या, "तुमच्या खरेपणान तिचा काय बरा जातला, ता सांगा बघू! ती गेली तर तुमची पेटी पाया पडान घेवा!" त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, पण अक्कांचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. साडू त्या दिवशी जेवले नाहीत.

मंगळवारी पणजीला बाकावर आमच्यापुढे अकरा माणसं होती. एक बाई आतून रडत बाहेर आली, तिच्यामागून तिचा खोलीवाला मान खाली घालून. इंगाबायने पर्स छातीशी धरली होती. साडू समोरच्या जनेलातून मांडवीकडे बघत मला हळू आवाजात सांगू लागले. पोर्तुगीजांच्या काळात सरहद्दीवरचे नाके बंद झाले तेव्हा ते लहान होते. आईचं माहेर तेरेखोल नदीच्या पलीकडे, हिंदुस्थानच्या हद्दीत, आरोंद्याला, नदीच्या या काठावरून घर दिसायचं. पास नव्हता म्हणून ती जाऊ शकली नाही. तिचे वडील वारले तेव्हा तिने पलीकडचा धूर बघितला. "तेव्हापासून माका वाटता, कागद आसलो तर माणूस माणसाक भेटता," साडू म्हणाले. एवढी वर्षं मी त्या पेटीची थट्टा करत होतो, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आत अधिकारी बाई होत्या, डिचोलीकडच्या. बोलणं मऊ, पण डोळे कागदावरून हलत नव्हते. त्यांनी स्पष्ट सांगितलं: दोनच गोष्टी असू शकतात. एक, ही बाई लपून राहिली. तसं असेल तर नोटीस, आणि नाव यादीत. दुसरी, घरमालकाने कळवलं नाही. तर दोष घरमालकाचा, बाईंचा पासपोर्ट स्वच्छ. "खंयचें खरें?" साडू उठून उभे राहिले. म्हणाले, "दुसरा." का कळवलं नाही, असं बाईंनी विचारलं, आणि आमच्या साडूंनी त्या सरकारी मेजासमोर, शर्टाचं वरचं बटण लावून, कौलाची सगळी हकीकत सांगितली. कळी कुठे लावली, गाऱ्हाणं काय घातलं, सगळं. शेजारचा कारकून हसायला लागला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"देवाक तुमी कितें विचारलें?"

"इंगाबायक घरची मानू काय?"

"आनी उजवी पडली."

"उजवी. लावल्याबरोबर."

"बरें. पूण फॉर्म भरूं काय नाका, अशें विचारलें?"

साडू विचारात पडले. "ना," ते म्हणाले.

"मागीर देव चुकूंक ना. तुमी चुकल्यात."

"होय," साडू म्हणाले. "चुकलंय." मी त्यांच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

बाईंनी त्यांच्यापुढे कोरा कागद सरकवला. अनवधानाने राहून गेलं असं लिहा, म्हणजे तुमच्यावर फार काही येणार नाही, असंही त्यांनी हळूच सुचवलं. साडूंनी पेन घेतलं आणि परत ठेवलं. "अनवधान न्हय. माका नियम येता. अनवधान लिवलंय आणि उद्या कोणी खोदून विचारल्यान, तर तिचेर येतला." मग त्यांनी त्या सुंदर कारकुनी अक्षरात लिहिलं, की मी नियम माहीत असूनही, समजून उमजून, फॉर्म दिला नाही, आणि या बाईंना त्यातलं काहीही ठाऊक नव्हतं. एका ठिकाणी स्वल्पविराम राहिला होता तो घातला, सही केली, तारीख त्याच दिवसाची घातली. बाईंनी कागद दोनदा वाचला. त्याचा परिणाम काय होतो ते त्यांनी मग सांगितलं: इंगाबायने आपल्या मुदतीपर्यंत राहावं आणि पुढच्या हंगामात पुन्हा यावं, काही अडणार नाही. पण असं लिहून दिलेल्या माणसाच्या घरी यापुढे परदेशी माणसाने वस्तीला राहायचं नाही, आणि तिने आजच दुसरीकडे जागा बघावी. साडूंनी ते नीट ऐकलं आणि विचारलं, "दिवसा यायत?" बाई म्हणाल्या, दिवसा कोणीही कोणाकडे जाऊ शकतं.

पुढच्या दिवाळीला इंगाबाय आली. वाड्याच्या टोकाला एकांच्या खोल्या आहेत, तिथे तिने सामान ठेवलं. तो खोलीवाला शनिवारपर्यंत चालणाऱ्या चोवीस तासांतला, म्हणून साडू त्याच्या उंबऱ्यात उभे राहिले आणि फॉर्म भरून होईपर्यंत हलले नाहीत. परत कधी जाणार, हा रकाना आला तेव्हा मात्र ते बाहेर जाऊन उभे राहिले. तेव्हापासून रोजचं ठरून गेलं आहे. सकाळी पोदेराच्या पाठोपाठ इंगाबाय येते. अक्कांबरोबर भाजी चिरते, सोप्यावर लवंडते, दुपारी कोरगावच्या बागेत जायचं असलं तर जाते. दिवस मावळायला लागला की साडू उठून चपला घालतात. सुरुवातीला अक्का रोज भांडायच्या, "ऱ्हांवदे ओ ती सोप्यार, कोण बघता?" साडू ऐकत नाहीत. तिचा पासपोर्ट स्वच्छ राहिला पाहिजे, एवढंच ते म्हणतात. आता अक्काही काही म्हणत नाहीत, एका डब्यात रात्रीचं जेवण भरून देतात.

गेल्या महिन्यात मी हरमलला गेलो होतो तेव्हा त्यांच्याबरोबर तिला पोचवायला गेलो. दोन म्हातारी माणसं पुढे, मी मागे. दारात तिने डबा घेतला, "येतां हां," म्हणाली आणि आत गेली. येताना साडू मागच्या अंगणातून आले. तिन्ही खोल्या झाडलेल्या होत्या. तिच्या खोलीत पलंगावर धुतलेली चादरही होती. इथे यापुढे कोणी राहणार नाही हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तरी ते रोज झाडतात. दाराला कडी घालता घालता त्यांनी मला विचारलं, "मास्तरानू, बरोबर केलंय मरे मी?" आयुष्यभर नियम सांगत आलेला हा माणूस मला, गेलेल्या आजोबांच्या नावावर धान्य आणणाऱ्याला, विचारत होता. "होय भाऊ, बरोबर केलंत," मी म्हटलं. ते आणखी काहीतरी ऐकायला थांबले असावेत. मी कडी पक्की बसली का ते एकदा ओढून बघितलं.